हिरवा दिवा कुठपर्यंतचं सांगतो? जुहू-पवईच्या लाइनपासून व्हर्च्युअल मशीनपर्यंत

(ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटणाऱ्या मंडळींसाठी या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं थोडी सरळ केली आहेत, बाकी भाग जसाच्या तसा.)



आजचा विषय एका ईमेलमधून आलाय. मुलुंडचे एक श्रोते आहेत, छोट्या कंपनीत सर्व्हर सांभाळतात. ते लिहितात, "चाचणी म्हणून मी सर्व्हरची नेटवर्क केबल उपटली. सर्व्हरने लगेच नोंद केली, लिंक डाऊन. पण त्याच सर्व्हरवर चार व्हर्च्युअल मशीन चालतात, त्या ढिम्म. त्यांच्या लेखी केबल जोडलेलीच होती. हे असं कसं?"

आता याचं उत्तर दोन वाक्यांत देता येतं. पण ते नीट कळायचं असेल तर थोडं मागे जायला हवं, जवळजवळ चाळीस वर्षं. आणि गंमत म्हणजे त्यासाठी कॅलिफोर्नियाला जायची गरज नाही. अंधेरीहून रिक्षा केली तरी पुरे.

आधी शब्द समजून घेऊ. आपल्या उपनगरांत 'लिंक' म्हटलं की लिंक रोड आठवतो. नेटवर्कमध्ये लिंक म्हणजे दोन यंत्रांमधली थेट जोडणी, आणि 'लिंक स्टेट' म्हणजे ती जोडणी आहे की तुटली एवढीच बातमी. अप किंवा डाऊन. राउटरवर किंवा कॉम्प्युटरच्या मागे जो हिरवा दिवा लुकलुकतो, तो हीच बातमी देतो.

पण ही बातमी कुठपर्यंतची? फक्त पुढच्या टप्प्यापर्यंतची. सोसायटीत राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. नळाला पाणी येतंय म्हणजे गच्चीवरच्या टाकीत पाणी आहे. महापालिकेचं पाणी सकाळी आलं की नाही, हे नळ कसं सांगणार? टाकी रिकामी होईपर्यंत नळ अगदी निवांत वाहत असतो. आजच्या भागात हा नळ आणि ही टाकी एवढं डोक्यात ठेवा.

जुहू ते पवई

१९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने एक प्रकल्प सुरू केला, अर्नेट. शिक्षण आणि संशोधन करणाऱ्या संस्थांचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे, हा उद्देश. सुरुवातीला त्यात आठ संस्था होत्या: मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर आणि मद्रास इथल्या पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीतला स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग, आणि आठवी आपल्या जुहूची, एनसीएसटी. नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी. गुलमोहर क्रॉस रोडवरची ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. तिचे संचालक होते श्रीनिवासन रमणी. भारतात इंटरनेट आणण्यातल्या त्यांच्या वाट्याबद्दल २०१४ साली इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.

या आठ जणांत ईमेलची पहिली देवाणघेवाण झाली ती एनसीएसटी आणि आयआयटी मुंबई यांच्यात, १९८६-८७ च्या सुमारास. म्हणजे जुहू ते पवई! सरळ रेषेत मोजलं तर दहा-बारा किलोमीटरच्या आत. दोन्ही टोकांना मोडेम आणि मध्ये साधी टेलिफोनची लाइन.

त्या काळची टेलिफोन लाइन आठवतेय का? ज्यांना आठवतेय ते आता हसत असतील. डायल टोन मिळणं हीच बातमी असायची. मग अशा लाइनवर कॉम्प्युटरनी एकमेकांशी बोलायचं कसं?

त्यासाठी यूयूसीपी नावाची पद्धत होती. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये सत्तरच्या दशकात तयार झालेली, १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर सगळीकडे पसरलेली. तिचा स्वभाव पोस्टमनसारखा. तुम्ही पत्र लिहिलंत की ते रांगेत ठेवायचं. वेळ झाली की फोन लावायचा. लागला तर साचलेली पत्रं द्यायची, तिकडची घ्यायची आणि फोन ठेवून द्यायचा. नाही लागला तर नंतर पुन्हा प्रयत्न. पत्र रांगेतच, सुरक्षित.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या जगात लिंक बहुतेक वेळ डाऊनच असायची. चोवीस तासांतले मोजके काही क्षण अप. त्यामुळे 'लिंक तुटली' म्हणून कुणी घाबरत नव्हतं. तुटणं गृहीत धरूनच सगळं बांधलं होतं.

फोन ठेवल्याची खबर

मग मोडेमला कसं कळायचं की पलीकडचा अजून लाइनवर आहे? पलीकडचा मोडेम सतत एक स्वर सोडत राहायचा, त्याला कॅरियर म्हणतात. तो ऐकू येतोय तोवर मोडेमवरचा एक दिवा लागलेला, आणि मोडेम ते कॉम्प्युटर या पंचवीस पिनांच्या केबलमधली आठ नंबरची पिन चालू. स्वर थांबला की दिवा गेला, पिन बंद. आणि त्याच क्षणी युनिक्स त्या लाइनवर काम करणाऱ्या प्रोग्रामला एक संदेश पाठवायचं. त्याचं नाव सिगहप. सिग म्हणजे सिग्नल, हप म्हणजे हँग अप. पलीकडच्याने फोन ठेवला.

युनिक्समधल्या सगळ्या सिग्नलना क्रमांक आहेत. सिगहपचा क्रमांक आहे १. आजही कुठल्याही लिनक्स मशीनवर तो तसाच आहे. मोडेम केव्हाच भंगारात गेले, पण फोन ठेवल्याची ही खबर राहिली.

आणि या खबरीने एक पेच निर्माण केला, जो आपल्याला शेवटपर्यंत सोबत करणार आहे. सिगहप आला की प्रोग्रामने करायचं काय? काहीच सांगून ठेवलं नसेल तर तो प्रोग्राम मरतो. बरोबरच आहे, माणूस निघून गेला, आता कुणासाठी काम करायचं? पण समजा तुम्ही रात्रभर चालणारं गणित लावलंय आणि लाइन पाच सेकंद गेली? सगळं काम पाण्यात! म्हणून युनिक्समध्ये 'नोहप' नावाची सोय आली. तिचा अर्थ, फोन ठेवला गेला तरी माझ्या प्रोग्रामच्या कानावर घालू नका.

म्हणजे बघा, तेव्हापासून दोन मतं आहेत. एक म्हणतं, लिंक तुटली की लगेच कळवा. दुसरं म्हणतं, प्रत्येक वेळी कळवत बसलात तर काम कधी व्हायचं?

सोळा मिलिसेकंदांचा ठोका

आता ऑफिसमध्ये येऊ. ऐंशीच्या दशकात ऑफिसांत आणि कॉलेजच्या लॅबमध्ये जे इथरनेट असायचं ते काळ्या, टीव्हीच्या केबलसारख्या दिसणाऱ्या कोएक्स तारेवर चालायचं. एकच तार या टेबलावरून त्या टेबलावर, प्रत्येक मशीनपाशी टी आकाराचा जोड, आणि दोन्ही टोकांना पन्नास ओहमचं टोपण. एखादा टी सैल झाला की अख्खी रांग बंद. आणि गंमत अशी, की कुठल्याही कार्डाला ते थेट कळायचं नाही. तारेवर शांतता आहे, पण ती कुणी बोलत नाही म्हणून की तार तुटली म्हणून, हे ओळखायला काही साधनच नव्हतं.

१९९० साली ट्विस्टेड पेअर तारेवरच्या इथरनेटचं मानक आलं. प्रत्येक मशीनची स्वतंत्र तार, मधोमध हब. त्यात एक साधी युक्ती होती. बोलायला काही नसेल तरी दर सोळा मिलिसेकंदांच्या आसपास एक छोटा ठोका पाठवायचा. मी आहे, मी आहे, मी आहे. सेकंदाला साठेक वेळा. ठोके थांबले की लिंक डाऊन. हिरवा दिवा इथून घरोघरी पोचला.

पण ठोका पोचतो कुठपर्यंत? हबपर्यंत. त्यापुढे हब जिवंत जगाशी जोडलेला आहे की नाही, हे ठोक्याला माहीत नाही. नळ आणि टाकी.

याचा धडा उपनगरांनी फार लवकर घेतला. दोन हजार सालानंतरची काही वर्षं आठवा. बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत केबलवाल्यांनी इंटरनेट द्यायला सुरुवात केली होती. या इमारतीच्या गच्चीवरून त्या इमारतीच्या गच्चीवर लोंबणाऱ्या इथरनेटच्या तारा. अशा तारेची मर्यादा शंभर मीटर, म्हणून दर एक-दोन इमारतींमागे कुठल्या तरी जिन्यात पत्र्याच्या डब्यात एक स्विच. आमच्याही जिन्यात होता. त्या स्विचची वीज गेली तर आमच्या पीसीचा दिवा प्रामाणिकपणे विझायचा. पण तीन इमारती पलीकडचा स्विच पावसात गेला, तर आमचा दिवा हिरवागार आणि नेट गायब. फोन केला की पलीकडून उत्तर, "तुमच्याकडे लाइट लागलाय ना? मग लाइन ओके आहे. पीसी रीस्टार्ट करा."

मग पोरं काय करायला शिकली? काळी खिडकी उघडून पिंग मारायला. आधी जवळच्या गेटवेला, मग त्याच्या पुढच्याला, मग बाहेरच्या जगाला. जिथून उत्तर येत नाही तिथे घोळ. दिव्यावर विश्वास न ठेवता टोकापर्यंत स्वतः विचारून यायचं. हीच गोष्ट १९८४ साली साल्त्झर, रीड आणि क्लार्क या तिघांनी एका गाजलेल्या निबंधात मांडली होती. मधल्या टप्प्यांनी कितीही काळजी घेतली तरी काम खरंच झालं की नाही, याची खात्री शेवटी दोन टोकांनाच करावी लागते. बोरिवलीतल्या पोरांनी तो निबंध वाचला नव्हता, पण सार त्यांना पाठ होतं.

जिथे तारच नाही

आता व्हर्च्युअल मशीन. कल्पना जुनी, आयबीएमने साठच्या दशकातच मोठ्या कॉम्प्युटरवर ती वापरली होती. साध्या पीसीवर ती आली १९९९ साली, व्हीएमवेअरमुळे. मग २००३ मध्ये झेन, २००७ मध्ये लिनक्समध्येच केव्हीएम. एका लोखंडी सर्व्हरच्या पोटात दहा-वीस मशीन, प्रत्येकीला वाटतं मी स्वतंत्र. बाहेरच्या सर्व्हरला होस्ट म्हणतात आणि आतल्या मशीनला गेस्ट. यजमान आणि पाहुणा. आज चांदिवली-पवईच्या डेटा सेंटरांत हेच चालतं. २०१६ साली ॲमेझॉनने आपल्या क्लाउडचा मुंबई विभाग सुरू केला, तेव्हा ग्राहकांना भाड्याने मिळू लागले ते असेच पाहुणे.

या पाहुण्याचं नेटवर्क कार्ड म्हणजे सॉफ्टवेअर. त्याची केबल म्हणजे सॉफ्टवेअर. ती केबल ज्या स्विचमध्ये जाते तो स्विचही सॉफ्टवेअर, त्याच सर्व्हरच्या आत. ही केबल उंदीर कुरतडत नाही, जेसीबी तोडत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तर चक्क एक चौकोन आहे, 'केबल जोडलेली'. त्यातली खूण काढली की केबल निघाली.

आता मुलुंडच्या प्रश्नाचं उत्तर. तुम्ही उपटलेली केबल लोखंडी सर्व्हरची, म्हणजे आतल्या व्हर्च्युअल स्विचच्या पुढच्या टप्प्याची. पाहुण्याची केबल व्हर्च्युअल स्विचपर्यंतच आहे, आणि ती शाबूत आहे. पाहुणा खोटं बोलत नाहीये. त्याच्या नळाला पाणी आहे. टाकीत येणारा पाइप तुम्ही काढलाय.

केव्हीएमच्या जगात हे कार्ड बहुतेकदा व्हर्टिओ पद्धतीचं असतं. रस्टी रसेल यांनी ही पद्धत मांडली आणि २००८ च्या सुरुवातीला ती लिनक्समध्ये आली. या कार्डाच्या नियमांत लिंक स्टेटसाठी एकच बिट आहे. १ म्हणजे अप, ० म्हणजे डाऊन. आणि पुढचा नियम मला फार बोलका वाटतो. ही सोय दोन्ही बाजूंनी मान्य केलेली नसेल, तर पाहुण्याने लिंक चालू आहे असंच समजावं. जुहू-पवईच्या लाइनवर बंद असणं गृहीत होतं. वीस वर्षांत गृहीतक बरोबर उलटं झालं. माहीत नाही? मग चालू समज.

सांगायचं की लपवायचं?

पण मग यजमान ही बातमी आत का पोचवत नाही? बाहेरची केबल गेली की आतला बिट ० करायचा, एवढंच तर आहे.

समजा एका सर्व्हरवर दोन पाहुणे आहेत, एक वेबसाइट आणि एक तिचा डेटाबेस. बाहेरची केबल तुटली तरी दोघांचं आपसात बोलणं व्हर्च्युअल स्विचमधून चालूच आहे. आतली लिंक डाऊन केलीत, तर तेही तुटेल. दुसरं, चांगल्या सर्व्हरला बाहेरच्या दोन केबल असतात. एक गेली तर दुसरी लगेच काम उचलते. अर्ध्या सेकंदाच्या गोंधळासाठी वीस पाहुण्यांना जागं कशाला करायचं? कारण जागं झालेले पाहुणे गप्प बसत नाहीत. उदाहरणार्थ, विंडोज २००० पासून लिंक गेली की विंडोज त्या कार्डाचा आयपी पत्ताच काढून घेतं, आणि त्या पत्त्यावर बसलेले प्रोग्राम कोलमडतात. सिगहप आणि नोहपचा जुना वाद, नव्या कपड्यांत.

उलट बाजूही आहे. लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन चालतंय. तुम्ही अंधेरीच्या ऑफिसातून मुलुंडच्या घरी आलात, वाय-फाय बदललं. लॅपटॉपला नवा पत्ता मिळाला. आतला पाहुणा मात्र ऑफिसचाच पत्ता धरून बसलाय, कारण त्याची केबल कधी निघालीच नाही. इथे त्याला सांगणं भाग आहे. साधा उपाय म्हणजे आतली केबल क्षणभर काढायची, पुन्हा लावायची. पाहुणा दचकतो आणि नवा पत्ता मागतो.

आणि तिसरा प्रकार तर मोडेमच्या काळात कुणी कल्पनाही केली नसती असा. २००३ पासून व्हीएमवेअरने चालू मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवायची सोय दिली, मशीन बंद न करता. पाहुण्याला कळतही नाही आपण हललो. पण बाहेरच्या स्विचना वाटतं तो जुन्याच जागी आहे, ते तिकडेच सगळं पाठवत राहतात. म्हणून नव्या जागी पोचल्यावर नेटवर्कवर दवंडी पिटावी लागते, मी आता इथे आहे. घर बदललं की पेपरवाल्याला, दूधवाल्याला सांगतो तसं. व्हर्टिओच्या नियमांत यासाठी दुसरा बिट आहे, आणि त्याचा अर्थ एवढाच, की बाबा रे, तू हललायस, शेजाऱ्यांना कळव.

२४ फेब्रुवारी २०२१

हे सगळं सर्व्हर सांभाळणाऱ्यांचं कौतुक आहे असं कुणाला वाटत असेल, तर वांद्रे-कुर्ला संकुलातला एक बुधवार आठवा. राष्ट्रीय शेअर बाजाराने, म्हणजे एनएसईने, सकाळी ११:४० ला व्यवहार थांबवले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी ३:४५ ला आणि त्या दिवशी बाजार पाच वाजेपर्यंत चालला. मधल्या वेळात लोकांचे सौदे अडकले. बाजार उघडेल की नाही हे माहीत नसल्याने अनेक ब्रोकरांनी ग्राहकांचे त्या दिवसाचे सौदे मुंबई शेअर बाजारात मिटवून टाकले, मिळेल त्या भावाला. कित्येकांना त्यात फटका बसला.

एनएसईच्या निवेदनांनुसार त्यांच्याकडे दोन दूरसंचार कंपन्यांच्या लिंक होत्या. रस्त्यावरच्या खोदकाम-बांधकामामुळे त्या लिंक बिघडल्या. मुख्य केंद्र आणि जवळचं पर्यायी केंद्र यांच्यातल्या या लिंक. त्या गेल्या तरी मुख्य केंद्राला धक्का बसू नये अशी रचना होती. प्रत्यक्षात मुख्य केंद्रातली डेटा साठवणारी यंत्रणाच सर्व्हरना मिळेनाशी झाली, जोखीम तपासणारी व्यवस्था बंद पडली, आणि तिच्याशिवाय व्यवहार चालवणं धोक्याचं म्हणून बाजार थांबवावा लागला.

ही गोष्ट व्हर्च्युअल मशीनची नाही. पण जातकुळी तीच आहे. तार तुटणं मुंबईत नवं नाही, एक खड्डा पुरतो. नुकसान झालं ते त्या बातमीला यंत्रणेने जो प्रतिसाद दिला त्यामुळे.

मग करायचं काय?

माझं मत सांगतो. लिंक स्टेट ही कामाची बातमी आहे, पण शेजारच्या खांबापर्यंतची. प्रत्येक पिढीने मध्ये एक नवा खांब उभा केला. आधी मोडेम, मग हब, मग जिन्यातला स्विच, आता सर्व्हरच्या पोटातला स्विच. खांब वाढले तसा दिव्याचा अर्थ आखूड होत गेला. त्यामुळे व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्यांनी तीन गोष्टी कराव्यात.

एक, पाहुण्याला दिव्यावर सोडू नका. ज्या टोकाशी खरं काम आहे, त्या टोकाला त्याने स्वतः ठरावीक वेळाने हाक मारावी. व्हीएमवेअरच्या स्विचमध्येही नुसती लिंक बघण्याबरोबर एका केबलमधून हाक घालून ती दुसऱ्या केबलवर ऐकू येते का, हे तपासायची सोय आहे, ती याच अनुभवातून.

दोन, हाकेला उत्तर नाही आलं तर लगेच धावू नका. थोडं थांबा, पुन्हा विचारा. जोडीतल्या दोन सर्व्हरनी एकमेकांना मेलेलं समजून एकाच वेळी सूत्रं हाती घेतली, तर बंद लिंकपेक्षा मोठं नुकसान होतं.

तीन, केबल प्रत्यक्षात उपटून बघा. मुलुंडच्या श्रोत्यांनी केलं तसं. सर्व्हरची उपटा, आतल्या चौकोनातली खूण काढा, पुढच्या स्विचची वीज घालवा. या तिन्हीचा परिणाम वेगवेगळा दिसेल, आणि तो कामाच्या दिवशी दिसण्यापेक्षा रविवारी सकाळी दिसलेला बरा.

आणि जमलं तर यूयूसीपीची एक सवय परत आणा. पत्र रांगेत ठेवायची. लिंक नसेल तर काम हरवायला नको, थांबायला हवं. जुहू आणि पवईमधल्या त्या खरखरत्या लाइनवर ते जमत होतं, तर आजच्या यंत्रांवर न जमायला काय झालं?

पुढच्या भागात याच वाटेने थोडं पश्चिमेला जाऊ. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वाळूखालून ज्या आंतरराष्ट्रीय केबल शहरात शिरतात, त्यांची गोष्ट. प्रश्न असतील तर पाठवत राहा.